वाय-फायची किल्ली कुणाकडे?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते आणि वह्या बाजूलाच राहिल्या, दीड तास नुसत्या वाय-फायवर गेला. सुरुवात एका मावशींनी केली. म्हणाल्या, "घरात इंटरनेट घेतलंय, महिन्याच्या महिन्याला पैसे जातात, पण मला स्वयंपाकघरात बसून लेकीला व्हिडिओ कॉल लावता येत नाही. गच्चीवर जावं लागतं." त्यावर एकजण म्हणाली, आमच्या टीव्हीवर चित्र कमी आणि गोल चक्रच जास्त फिरतं. तिसरीचा प्रश्न होता, लाल दिवा लागला की कुणाला फोन करायचा? आणि कोपऱ्यातून एक सूनबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पासवर्ड फक्त ह्यांना माहीत आहे."

आम्ही कुणी इंजिनिअर नाही. गटाचं काम बघणाऱ्या, कला शाखेत शिकलेल्या बाया आहोत. पण ग्रामसंघाच्या खोलीत जोडणी घेतली तेव्हापासून चुका करून आणि जोडणाऱ्या पोरांच्या मागे लागून जे समजलं, ते आज सांगतो.

आधी मावशींचा प्रश्न. घरात वाय-फाय आहे, मग स्वयंपाकघरात का पोचत नाही?

तुम्ही आत्ता हा कार्यक्रम ऐकताय तो रेडिओच्या लहरींवर. वाय-फायचा डबा, ज्याला राउटर म्हणतात, तोही एक छोटं रेडिओ केंद्रच आहे. फरक ताकदीचा. सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॉटपर्यंत ताकदीचा परवाना मिळतो, म्हणून आवाज आजूबाजूच्या गावांपर्यंत जातो. राउटरची ताकद एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणूनच त्याला घरापुरतं चालवायला परवाना लागत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ही मोकळीक २००५ पासून आहे. इतक्या कमी ताकदीत त्या लहरीला दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून जायचंय. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत ती एका भिंतीतच दमते. नवी विटांची भिंत तिला सोपी जाते. पण लोखंडी पत्रा, गोदरेजचं कपाट, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी यांच्यातून ती जातच नाही, आदळून मागे फिरते. पाणीही तिला शोषून घेतं. भरलेला ड्रम किंवा रांजण मध्ये असला तरी रेंज कमी होते.

आता डबा कुठे बसवलेला असतो ते आठवा. वायर पुढच्या दारातून आली, जोडणारा पुढच्या खोलीत बसला, चहा प्याला, आणि टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर डबा ठेवून निघून गेला. बाई त्या वेळी आत. तिला कुणी विचारलं नाही की तुम्ही फोन कुठे बसून वापरता. मावशींच्या घरी आम्ही जाऊन बघितलं. डबा पुढच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे, मध्ये मातीची जाड भिंत, भिंतीपलीकडे भांड्यांची मांडणी आणि मग मावशी. तो डबा आम्ही मधल्या खोलीच्या दारावर, डोक्याच्या वर, उघड्यावर टांगला. फायबरची वायर थोडी वाढवून घ्यावी लागली, त्यासाठी जोडणाऱ्याला दोनदा फोन करावा लागला. पण नवीन काही विकत न घेता स्वयंपाकघरात कॉल लागला. डबा घराच्या मध्यावर, उंच, मोकळा ठेवायचा. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकू नका. तो तापतो, त्याला वारा लागू द्या.

आणि एक. फोनमध्ये तुमच्याच वाय-फायची दोन नावं दिसत असतील, एकाच्या पुढे ५जी असं लिहिलेलं. ते मोबाईलचं फाईव्ह-जी नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. तो वेगवान आहे पण भिंतीला लवकर हरतो. डब्याच्या खोलीत असाल तर तो धरा, आत असाल तर साधा धरा. जुन्या फोनला साधाच दिसतो, त्यात फोन बिघडलेला नाही.

टीव्हीचं गोल चक्र. इथे आधी हिशेब समजून घेऊ, कारण पैसे इथेच जास्त जातात. साध्या चित्राचा कार्यक्रम इंटरनेटवरून तासभर बघितला तर साधारण १ जीबी लागतो, स्वच्छ एचडी चित्राला ३ जीबीच्या आसपास. फोनच्या रिचार्जवर रोजचा दीड जीबी मिळतो आणि त्याचं हॉटस्पॉट करून टीव्ही लावला, तर एचडीत अर्ध्या तासात तो संपला. मग मालिका अर्धी राहते आणि संध्याकाळी गटाची नोंद भरायला डेटा नसतो. आमच्या एका ताईंच्या घरी रोज हेच चालायचं. नोंदी लोकओएस ॲपवर भरायच्या, आणि सहा वाजले की फोन म्हणायचा, डेटा संपला.

फायबरची जोडणी असेल तर डेटा सहसा पुरतो, अडतं ते वेगावर. ३० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ३० मेगाबाइट नव्हे. ते बिट असतात, आठाने भागा, पावणेचार मेगाबाइट येतील. एचडी टीव्हीला ५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे ३० मध्ये टीव्ही आणि चार फोन आरामात चालायला हवेत. तरी चक्र फिरत असेल तर बहुतेक वेळा टीव्ही डब्यापासून लांब असतो किंवा वाय-फायवर न सांगता आलेले पाहुणे असतात. पाहुण्यांचं पुढे सांगतो. टीव्ही आणि डबा एकाच खोलीत असतील तर सरळ वायरीने जोडा. राउटरच्या मागे तीन-चार चौकोनी खाचा असतात, स्मार्ट टीव्हीच्या मागेही सहसा एक असते. शे-दोनशे रुपयांच्या वायरीत चक्राचा प्रश्न मिटतो.

टीव्ही जुना पण चपटा असेल तर नवा घेण्याची घाई करू नका. त्याच्या मागे किंवा कडेला एचडीएमआयची खाच आहे का बघा. असली तर त्यात स्टिक बसते, वाय-फायला जोडली की झाला स्मार्ट टीव्ही. डब्यासारख्या पाठीचा जुना टीव्ही असेल तर त्यासाठी अजून एक जोडणी घ्यावी लागते, आमच्या मते तो खर्च करू नये. आणि खरं सांगायचं तर घरात फक्त सह्याद्री वाहिनी आणि बातम्या बघायच्या असतील तर इंटरनेट कशाला? दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च. दुकानदार हे सांगत नाही.

फोनवरचं टीव्हीवर कसं दाखवायचं, हाही प्रश्न आला. फोन आणि टीव्ही दोन्ही एकाच वाय-फायवर पाहिजेत. फोन मोबाईल डेटावर आणि टीव्ही वाय-फायवर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत. मग यूट्यूबमध्ये चौकोनाच्या कोपऱ्यात लहरी असलेलं चिन्ह असतं, ते दाबायचं, टीव्हीचं नाव निवडायचं. आमच्या गटाच्या शिवणकामाच्या शिकवण्या आम्ही अशाच मोठ्या पडद्यावर बघतो. ब्लाउजचा गळा फोनच्या पडद्यावर शिकणं फार अवघड.

पण याचीच एक उलटी बाजू आहे. आमच्या गल्लीत एका घरी संध्याकाळी टीव्हीवर हरिपाठ लावलेला होता, बायका बसलेल्या, आणि मध्येच टीव्हीवर डीजेचं गाणं सुरू झालं. घरात कुणी फोनला हात लावलेला नाही. बंद केलं, परत लागलं. शेवटी कळलं, बाजूच्या कट्ट्यावरच्या पोराकडे त्या घराचा वाय-फाय पासवर्ड होता आणि त्याने आपलं गाणं चुकून त्यांच्या टीव्हीवर पाठवलं. हसून विषय संपला. पण जो तुमच्या वाय-फायवर आहे तो तुमच्या घरात आल्यासारखाच असतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आमची स्वतःची चूक याहून मोठी. ग्रामसंघाच्या खोलीत जोडणी झाली त्या दिवशी आम्ही हौसेने डब्यासोबत फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. डबा हातात, तळ कॅमेऱ्याकडे. तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पुढच्या आठवड्यात बँकेसोबतची ऑनलाइन बैठक तीनदा तुटली. बघितलं तर आमच्या चार फोनच्या जागी पंधरा फोन जोडलेले.

मग आम्ही दुसरी चूक केली. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, टाचणी घालून ते दाबलं की सगळं नव्यासारखं होतं असं कुणीतरी सांगितलं. दाबलं. सगळं पुसलं गेलं, पासवर्डही आणि कंपनीने फायबरसाठी आत भरून दिलेली माहितीही. दोन दिवस खोलीत इंटरनेट नाही. ते भोक तुम्ही दाबू नका. बंद पडलं तर मागचं बटण बंद करा, शंभर मोजा, परत चालू करा, एवढंच.

पासवर्ड बदलायची नीट पद्धत अशी. फोन त्या वाय-फायला जोडलेला ठेवा. ब्राउझरमध्ये, जिथे आपण काही शोधायला लिहितो तिथे, डब्याखालच्या चिठ्ठीवरचा आकड्यांचा पत्ता टाका. बऱ्याच डब्यांना तो १९२.१६८.१.१ असा असतो, पण आपल्या चिठ्ठीवरचाच घ्या. मग तो डब्याचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड विचारतो. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे. वाय-फायचा पासवर्ड ही फाटकाची किल्ली, हा दुसरा म्हणजे तिजोरीची. नव्या डब्याला कित्येकदा दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ एवढंच असतं. तसंच ठेवलं तर फाटकातून आत आलेला कुणीही तिजोरी उघडू शकतो, म्हणून आधी हाच बदला. काही कंपन्या हेच काम आपल्या फोन-ॲपमधूनही करू देतात.

मग वाय-फायच्या पानावर जाऊन सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडलेलं आहे ना बघा, ‘ओपन’ कधीच नको. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतोच, पण बारा-पंधराचा करा. मुलाचं नाव आणि जन्मवर्ष नको, गल्लीतल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घेतो, इंग्रजी अक्षरांत सलग लिहितो आणि मध्ये आकडा घालतो. भाकरी, विहीर, झोका असे. हेच घेऊ नका बरं का, हे आता रेडिओवर सांगून झालं. बदलला की घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरा एकदम तुटतात. घाबरू नका, प्रत्येकावर नवा टाकायचा. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टाकताना वैताग येतो, तेवढा सोसा. आणि नवा पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पाहुण्यांसाठी बऱ्याच डब्यांत वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करता येतं. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं पण तुमचा टीव्ही आणि कॅमेरा दिसत नाही.

आता त्या सूनबाईंची गोष्ट. पासवर्ड फक्त ह्यांना माहीत. ह्यांचं काम वाळूजला, आठवड्यातून एकदा घरी. मधल्या काळात लाईट गेली, फोन नवा घेतला, काही झालं की ही बाई थांबून राहते. घरातल्या वाय-फायचे पैसे तिच्या शिलाईतून जातात. आम्ही भांडण लावायला गेलो नाही. एवढंच म्हणालो की जोडणीचा फॉर्म, नोंदलेला फोन नंबर आणि दोन्ही पासवर्ड घरात राहणाऱ्या माणसाकडे पाहिजेत. नोंदलेल्या नंबरावर ओटीपी येतो, तक्रारही त्याच नंबरावरून होते, आणि तो नंबर वाळूजला असेल तर देवगावातली तक्रार कोण करणार? पुढच्या रविवारी तिने नवऱ्याला शेजारी बसवून पासवर्ड बदलला. त्याला माहीत नव्हतं की असा बदलता येतो. कागदावर तिने स्वतः लिहिला.

लाल दिवा. डब्यावर एलओएस असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल लागला किंवा मिचकला म्हणजे फायबरमधून येणारा उजेडच पोचत नाही. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा तंतू, त्यातून प्रकाशावर माहिती येते. तो तुटलाय, दबलाय किंवा फार वाकलाय. डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. आपल्याकडे कारणं ठरलेली. मक्याचा कडबा भरून उंच झालेली ट्रॉली वायरीत अडकते, पाइपलाइन खोदताना जेसीबी लागतो, नाहीतर घरात उंदीर. वायर खांबापर्यंत नजरेने तपासा, लटकलेली दिसली तर तक्रारीत जागा सांगा. तुटलेलं टोक हातात घेऊ नका, काचेची कूस बोटात जाते. त्या टोकात डोकावूनही बघू नका. तो उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. दिवा लाल नाही आणि तरी इंटरनेट नाही, तर मात्र आधी डबा बंद-चालू करा, मग रिचार्ज संपला का बघा.

तक्रारीवरून आठवलं. हे सांगायचं नसतं तर आज आम्ही आलो नसतो.

आमच्या गटाच्या एका सदस्याकडे असाच लाल दिवा लागला. त्यांनी फोनवर कंपनीचा नंबर शोधला, वर जो पहिला आला तो लावला. पलीकडचा माणूस मराठीत गोड बोलला. म्हणाला, लाईन इथूनच तपासतो, एक ॲप टाका, आणि १० रुपये भरून नोंदणी करा. ते ॲप म्हणजे तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसायची सोय. ताईंनी पिन टाकला तो त्याने बघितला. साडेनऊ हजार गेले, त्यांच्या स्वतःच्या खात्यातून. त्याच फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात, त्यात त्या दिवशी चाळीस हजारांच्या वर होते. सुनेने ओरडून फोन हातातून घेतला आणि बंद केला म्हणून तिथेच थांबलं. आम्ही अर्ध्या तासात १९३० ला फोन लावला. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, देशभर एकच. सहा हजार पुढच्या खात्यात अडवले गेले. ते परत यायला चार महिने लागले. बाकीचे गेले ते गेले. ताई दोन महिने बैठकीला आल्या नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून.

कंपनीचा नंबर शोधून लावायचा नाही. तो बिलावर असतो, डब्याच्या खोक्यावर असतो, कंपनीच्या ॲपमध्ये असतो. आज घरी गेल्यावर खडूने दाराच्या मागे लिहून ठेवा. आणि लाईन दुरुस्त करायला कुणालाही तुमच्या फोनचा पडदा बघावा लागत नाही. तुटलेली काच माणूस शिडी घेऊन येऊनच जोडतो.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३९९ चा प्लॅन ४७१ ला पडतो. जोडणीचे किती, डब्याचं डिपॉझिट परत मिळणार का, डेटाची मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरतो, हे तीन प्रश्न आधी विचारा आणि पावती घ्या. वर्षाचे एकदम भरले की स्वस्त पडतं, पण आधी दोन महिने चालवून बघा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, तिच्यावरूनही घरगुती जोडण्या देतात. त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. काहीजणींनी विचारलं, गटाने वाय-फाय विकण्याचा धंदा करावा का? डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदाराला परवान्याशिवाय तसं करता येतं. आम्ही आकडे मांडून बघितले. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये डेटा असताना आम्हाला तो हिशेब जुळला नाही, पापडच बरे वाटले. बाजाराच्या ठिकाणी दुकान असेल तर तुमचं गणित वेगळं येईल.

लाईट गेली की वाय-फाय जातं, त्याला छोटा यूपीएस मिळतो. दुकानात जाताना डब्याचा ॲडाप्टर सोबत न्या. त्यावर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा, आणि ॲम्पिअरचा आकडा तेवढा किंवा जास्त. व्होल्ट चुकले तर डबा जळतो.

शेवटचा प्रश्न एका आजींचा. सून गरोदर आहे, रात्री ते किरणांचं खोकं बंद करावं का? आजी, त्याची ताकद आम्ही सुरुवातीला सांगितली, वॉटचा दहावा हिस्सा. क्ष-किरणांसारख्या त्या लहरी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये अभ्यास तपासून सांगितलं होतं की वाय-फाय आणि टॉवरच्या अशा क्षीण लहरींनी तब्येतीला अपाय होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही. मनाला बरं वाटत असेल तर डबा सुनेच्या उशापासून लांब ठेवा. पण पोरं रात्री एक वाजेपर्यंत फोन बघतात म्हणून बंद करायचं असेल तर जरूर करा, ते कारण आम्हाला पटतं. फक्त एक बघा, गोठ्यातला कॅमेरा त्याच वाय-फायवर आहे का. असला तर बटण बंद न करता राउटरच्या पानावर पोरांच्या फोनला रात्री दहानंतर अडवायची सोय शोधा, बऱ्याच डब्यांत ती असते. नाही सापडली तर बैठकीला येताना डब्याखालच्या चिठ्ठीवरचं सगळं कागदावर उतरवून आणा. फोटो नको.